तिसऱ्या महिन्याचं पोट

"श्वास सोड. पोट सैल ठेव," मी म्हटलं.

नंदा पलंगावर उताणी पडली होती. माझी सून. पदराचा बोळा तोंडाशी धरून उलटी आवरत होती. वैशाखात लग्न होऊन घरात आली आणि आता श्रावण लागला होता. मी तिच्या ओटीपोटावर हात ठेवला. तिसऱ्या महिन्यात गर्भाशय ओटीच्या हाडावर जेमतेम दोन-तीन बोटं लागतं. माझी बोटं वर सरकत गेली, सरकत गेली आणि थेट बेंबीशी येऊन थांबली.

मी पुन्हा खालून सुरुवात केली. पुन्हा बेंबी.

"काय झालं, आत्ती?" तिनं विचारलं. आमच्याकडे सुना सासूला आत्ती म्हणतात.

"काही नाही. ऊठ."

बेंबीपर्यंत म्हणजे पाच महिने. ही गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. आमच्या विटा गावात तेव्हा मला नर्सबाई होऊन बावीस वर्षं झाली होती. दवाखान्यातली आणि घरोघरची किती बाळंतपणं केली ते मलाच आठवत नाही. 'अनसूयाबाईंच्या बोटांना कॅलेंडर लागत नाही,' असं लोक म्हणायचे आणि ते मला आवडायचं. पाच म्हटलं की पाच, सात म्हटलं की सात.

बाहेरच्या खोलीत शेजारची गौराक्का हिरवा खण आणि नारळ घेऊन बसली होती. त्या दिवशी नंदाची चोरचोळी करायची होती. तिसऱ्या महिन्यात, बातमी गावभर व्हायच्या आधी, दोघी-तिघींनी गुपचूप ओटी भरायची, हिरवी चोळी द्यायची.

"आज नको, गौराक्का. तिला बरं नाही," मी म्हटलं.

"बरं नसायचंच की गं. उलट्या जास्त म्हंजे पोर केसाळ." मग तिनं आवाज खाली आणला. "पण पोट बघितलंस का तिचं? मी म्हणते, जुळी असतील."

"असतील."

"न्हाईतर..."

"नाहीतर काय?"

"न्हाईतर काय? जुळीच म्हणते मी!" असं म्हणून ती खण काखेत मारून निघून गेली. जाताना हसली. ते हसू मला दिवसभर पुरलं.

दुपारी मी नंदाला समोर बसवलं. "शेवटची पाळी कधी आली होती?"

"लग्नाच्या आधी. तुम्हाला माहीत आहे की. तुम्हीच आईला तारीख विचारून घेतली आणि मुहूर्त आठ दिवस पुढं ढकललात."

ते खरंच होतं. मांडवात अडचण नको म्हणून मुलाकडचे लोक विचारून घेतात, तसं मी विचारलं होतं आणि माझ्या वहीत लिहूनही ठेवलं होतं. पण त्या दुपारी मला स्वतःच्या वहीपेक्षा बोटांचा भरवसा जास्त होता.

"तुझ्या आईनं खरंच सांगितलं असेल कशावरून?" मी म्हटलं.

आधी तिला समजलं नाही. मग समजलं. तिचा चेहरा असा झाला, जसं कुणी दार उघडं समजून गेलं आणि कपाळमोक्ष झाला.

"पोटात आहे ते ह्यांचंच आहे, आत्ती," एवढंच ती म्हणाली आणि मोरीकडे पळाली. तिला पुन्हा उलटी आली होती.

माझा मुलगा मल्लिकार्जुन यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होता, बिघडलेले माग दुरुस्त करायचा. संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा मी विषय काढला.

"मल्लू, लग्नाआधी तू नंदाला कुठं भेटला होतास?"

"बघायला गेलो तेव्हा. तू होतीस की शेजारी. पोहे खारट लागले होते तुला."

"त्यानंतर?"

"त्यानंतर मांडवात." त्याचा घास हातातच थांबला. "का?"

"पोट मोठं आहे."

"मग?"

"तीन महिन्यांचं नाही ते."

त्यानं घास ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "तिला विचारलंस?"

"विचारलं. म्हणाली, तुझंच."

"मग झालं की."

"मल्लू, मी बावीस वर्षं..."

"आई, माग बिघडला की मी आधी उघडून बघतो. नुसता आवाज ऐकून विणकराला शिव्या देत नाही." अर्ध्या ताटावरून तो उठला.

बोलला ते मर्दासारखं बोलला. पण माझे शब्द त्याच्या डोक्यात शिरले होते. त्या दिवसापासून त्याला कारखान्यातून यायला उशीर होऊ लागला, आणि आला की तो बायकोपेक्षा रेडिओकडे जास्त बघू लागला. हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. मला वाईट वाटलं, पण आपलं बरोबर आहे असंही वाटलं.

नागपंचमीला नव्या सुना माहेरी जातात. नंदाचं माहेर दिघंचीला. तिचा भाऊ गुरुसिद्ध गुरुवारी न्यायला येणार होता. मी ठरवून टाकलं की तिला पाठवायची आणि परत आणायला कुणी जायचं नाही. ना भांडण, ना आरडाओरडा. दोन ओळींची चिठ्ठी लिहून मी माझ्या पर्समध्ये ठेवली. ती गुरुसिद्धच्या हाती द्यायची होती: 'तुमची मुलगी तुमच्याकडे ठेवून घ्यावी. कारण तिला माहीत आहे.' अक्षर वळणदार आलं होतं. आज सत्याऐंशी वर्षं पार केल्यावर मला नातवंडांची नावं उलटसुलट आठवतात, पण त्या चिठ्ठीतलं एक अक्षर विसरत नाही.

गुरुवारी सकाळी मी दवाखान्यात जायला निघाले होते, तेवढ्यात मोरीतून हाक आली.

"आत्ती!"

ती भिंतीला टेकून उभी होती. पायांवर तांबूस-तपकिरी रक्त होतं, आणि त्या रक्तात पाण्यानं भरलेले फोड. काही भिजलेल्या साबुदाण्याएवढे, काही चांगले द्राक्षाएवढे, एकमेकांना घोसासारखे लगडलेले.

मी तशीच खाली बसले. बावीस वर्षांत हे मी एकदाच पाहिलं होतं, तेही दुसऱ्याच्या हाताखाली असताना. द्राक्षगर्भ. ट्रेनिंगमध्ये आम्हाला पाठ करून घेतलं होतं: पोट तारखेपेक्षा मोठं, उलट्या बेसुमार, बाळाचा ठोका नाही. पहिल्या दोन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या. तिसरी बघायला पोटावर कर्णा लावून ऐकावं लागतं. पाच महिन्यांचं पोट आहे असं मला वाटत होतं, तर ठोका ऐकायला हवा होता. कुठल्याही परक्या बाईचा ऐकला असता. सुनेचा ऐकला नाही, कारण मला जे हवं होतं ते बोटांनीच सांगितलं होतं.

"मी मरते का?" नंदानं विचारलं.

"माझ्या हातून आजवर एक बाई मेलेली नाही," मी म्हटलं. तो हात तिच्या काय उपयोगी पडला होता, ते मला एकटीला माहीत होतं.

जीप मिळेपर्यंत गुरुसिद्ध दारात येऊन ठेपला. बहिणीला पंचमीला न्यायला आलेला भाऊ, हातात फुलांची पुडी. त्यानं ती पुडी टाकून बहिणीला उचललं. मल्लू कारखान्यातून धावत आला. मिरजेला मोठा दवाखाना होता, तिकडे जीप काढली. तासगावच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याला लागून द्राक्षाच्या बागा होत्या. श्रावणात नुसती पानं. नंदाचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि मी त्या बागांकडे बघायचं टाळत होते.

डॉक्टरीणबाईंचं नाव एस्तेर गायकवाड. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बोलायला सरळ. त्यांनी त्याच दुपारी पिशवी रिकामी केली. रक्त मल्लूनं दिलं. सुई टोचलेल्या हातावर कापूस दाबून तो माझ्याशेजारी बाकावर बसला.

"उघडून बघितलं का आता?" तो म्हणाला. एवढंच. त्याच्यावर रागवायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

पाचव्या दिवशी तपासणीचा कागद आला. गायकवाड बाई नंदाच्या खाटेशी आल्या. नंदा उशीला टेकून बसली होती, गुरुसिद्ध आणि मल्लू चहाला गेले होते.

मी विचारलं, "डॉक्टर, दिवस खरे किती गेले होते?"

"पाळीवरून मोजले तर चौदा आठवडे. ती सांगते तेच."

"पण पोट..."

"पोट बाळामुळे वाढलं नव्हतं, सिस्टर. बाळ नव्हतंच. नुसती वार, बाळाला पोसते ती, वाढत होती, तीही बेताल. तुम्हाला माहीतच आहे."

"वार वाढते ते माहीत आहे. का वाढते ते शिकवलं नव्हतं आम्हाला."

"आम्हालाही नव्हतं. हे सगळं अलीकडचं आहे." त्या खाटेच्या कडेवर टेकल्या. "बाळाला एक वाटा आईकडून मिळतो, एक वडिलांकडून. दोन्ही वाटे दिसायला सारखे. आम्हाला वाटायचं, कुठलाही कुणाकडून आला तरी चालत असेल. तसं नाही. दोन्ही वाट्यांत तेच गुण असतात, पण काही गुण वडिलांकडून आले तर बोलतात आणि आईकडून आले तर गप्प बसतात. काहींचं उलट. दोन-तीन वर्षांपूर्वी उंदरांवर प्रयोग झाले, त्यात हे दिसलं."

"म्हणजे कुठून आलंय ते त्यांना आठवतं?" नंदानं विचारलं. पाच दिवसांत पहिल्यांदा ती आपणहून बोलली होती.

"अगदी बरोबर. आठवतं." गायकवाड बाई तिच्याकडे वळल्या. "अगदी सुरुवातीच्या दिवसांत वडिलांकडचं म्हणतं, वार वाढव, जास्त घे. आईकडचं म्हणतं, जरा बेतानं, बाळही घडवायचंय. ही ओढाताण हवीच असते. तुझ्या वेळी आईचा वाटा त्या बीजात आलाच नाही. कधी कधी गळतो. मग वडिलांचाच वाटा दुप्पट झाला. नुसती वाढवायची घाई आणि थांब म्हणणारं कुणी नाही."

"म्हणजे त्यात होतं ते..." मी म्हटलं.

"सगळं वडिलांकडचं. मी तुमच्या सुनेचं वेगळं तपासलेलं नाही, ती सोय इथं नाही. पण बाळाचा मागमूसही नसलेला असा पूर्ण द्राक्षगर्भ असला की बहुतेक असंच निघतं. आणि दोष कुणाचा ते विचारू नका. कुणाचाच नाही. पुढच्या वेळी चांगलं मूल होईल. फक्त वर्षभर दिवस राहू द्यायचे नाहीत आणि लघवी तपासायला यायचं. पहिल्यांदा पंधरा दिवसांनी. त्यात हयगय नको, ह्यातला एखादा कण मागं राहिला तर कॅन्सरवर जाऊ शकतो."

त्या गेल्या. मी तिथंच बसून राहिले. सगळं वडिलांकडचं. माझ्या मल्लूचं. ज्या पोटात माझ्या मुलाचं काही नाही म्हणून मी चिठ्ठी लिहिली, त्या पोटात माझ्या मुलाशिवाय दुसरं काहीच नव्हतं. मला हसायला येईल की काय अशी भीती वाटली.

नंदा मात्र रडत होती. आवाज न करता, भिंतीकडे तोंड करून.

"अगं, बरी होशील तू. ऐकलंस ना?"

"माझं काहीच नव्हतं त्यात?" ती म्हणाली. "मी त्याच्याशी बोलायची. तुम्ही दवाखान्यात गेलात की."

"काय बोलायचीस?"

"हेच. आत्ती आज बोलल्या नाहीत. उद्या बोलतील."

मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले आणि मागं घेतला. मग मी सांगून टाकलं. "तू रडतेस त्यात तुझं काही नव्हतं म्हणून. मी म्हणत होते त्यात माझ्या मुलाचं काही नाही. तुला परत आणायचीच नाही असं मी ठरवलं होतं. तुझ्या भावाजवळ द्यायला चिठ्ठी लिहिली होती."

तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून बघितलं. "कुठाय?"

मी पर्समधून चिठ्ठी काढून दिली. तिनं वाचली. दोनदा वाचली.

"तुमच्या वहीत तारीख होती, आत्ती," ती म्हणाली. "एकदा वही उघडायची होती."

तिनं चिठ्ठीची घडी घातली आणि उशीखाली ठेवली. "मी इथूनच दादाबरोबर दिघंचीला जाते."

"किती दिवस?"

"ते बघू."

"पंधरा दिवसांनी तपासणी आहे, नंदा."

"तेही बघू."

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. वर्षभर सगळे रिपोर्ट चांगले आले. दोन वर्षांनी मुलगी झाली, मग मुलगा. पण विट्याच्या घरात बसून मी दिवस मोजत होते, तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की ती रागानं आली नाही आणि तपासणी चुकली, तर माझ्या हातून आजवर जे झालं नव्हतं ते होईल.

चौदाव्या दिवशी मल्लू म्हणाला, "मी आणतो तिला."

"तू नको. मी जाते."

गौराक्का ओट्यावरून ऐकत होतीच. "सासू कधी सुनेला आणायला जाती का गं? रीत हाय का ही?"

"नाही. पण मी चाललेय."

"एवढं काय अडलंय? आन् ती, पोटाचं म्हणत्यात ते..."

"गौराक्का," मी चपला घालता घालता म्हटलं, "पोट मल्लूचंच होतं. जरा जास्तच मल्लूचं होतं."

"म्हंजे गं?"

"म्हणजे आता जुळ्यांचं पुन्हा काढायचं नाही."

आटपाडीला एसटी बदलून मी दुपारी दिघंचीत उतरले. नंदाच्या वडिलांचं छोटं किराणा दुकान, मागं घर. वाटेत मी विहीणबाईंच्या सगळ्या शिव्या आधीच ऐकून घेतल्या होत्या आणि प्रत्येकीला काय उत्तर द्यायचं ते ठरवलं होतं. उत्तर एकच होतं, खाली मान.

पण विहीणबाई दारात आल्या त्या हसत. शिवगंगाबाई, धिप्पाड बाई, आवाज दुकानापर्यंत जाणारा. "अगंबाई, नर्सबाई! आमच्या दारात? कुणाची नाडी बघायला आलात?" त्यांनी माझ्या पायांवर पाणी घातलं, घोंगडी अंथरली. "बसा, बसा. पोरगी सांगत होती, सासूनं जीपमधनं मांडीवर घेऊन नेलं म्हणून. तुम्ही नर्स होता म्हणून माझी पोरगी वाचली. दुसऱ्या घरात असती तर..." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवासारख्या आहात बघा."

मी नंदाकडे बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. चेहऱ्यावर काही नाही. तिनं घरी काहीच सांगितलं नव्हतं. चिठ्ठी दाखवली नव्हती.

इतकं सोपं होतं. पाणी प्यायचं, 'अहो माझंच कर्तव्य' म्हणायचं, चहा घ्यायचा आणि सुनेला घेऊन साडेतीनच्या गाडीत बसायचं. कुणाला कधीच कळलं नसतं. नंदा दारातून हलत नव्हती आणि माझ्यावरून नजर काढत नव्हती.

"विहीणबाई," मी म्हटलं, "देव वगैरे नका म्हणू. तुमच्या मुलीवर मी खोटा आळ घेतला होता. पोट मोठं दिसलं तर मला वाटलं, लग्नाआधीचं आहे. तुम्ही मला पाळीची तारीख खोटी सांगितलीत, असंही वाटलं. पंचमीला तिला कायमची इकडं पाठवायची म्हणून चिठ्ठी लिहून ठेवली होती. ती आजारी पडली म्हणून चिठ्ठी तुमच्यापर्यंत आली नाही, एवढंच."

दुकानातला तराजू वाजायचा थांबला. शिवगंगाबाई उभ्या होत्या त्या तशाच. माझ्या समोरचा पाण्याचा तांब्या त्यांनी उचलला आणि परत आत नेला. मी घोंगडीची लोकर उपसत बसले.

नंदा पुढं आली. पदर खोचलेला, हातात कापडी पिशवी. नीट बांधलेली, वरून दिघंचीच्या बाजारातली शेपू डोकावत होती. पिशवी आत्ता भरलेली नव्हती, आधीच तयार होती.

"साडेतीनची गाडी आहे, आत्ती," ती म्हणाली. "उद्या सकाळी मिरजेला जायला बरं पडेल."

"आईला तू का नाही सांगितलंस?"

"मी सांगितलं असतं तर ते गाऱ्हाणं झालं असतं." ती माझ्याशेजारी घोंगडीवर टेकली. "तुम्ही सांगणार का, ते बघायचं होतं. नसतं सांगितलंत, तर पिशवी सोडणार होते."

मी उठायला लागले. जेवणाची वेळ टळून गेली होती, आणि त्या घरात आता मला कोण वाढणार होतं?

"कुठं निघालात?" आतून तो दुकानापर्यंत जाणारा आवाज आला. शिवगंगाबाई ताट घेऊन बाहेर आल्या आणि माझ्यापुढं आपटल्यासारखं ठेवलं. ज्वारीची जाड भाकरी, शेंगदाण्याची चटणी, चार मिरच्या. "मला राग आलाय. लई आलाय. दिवाळीपर्यंत जाणार नाही. पण माझ्या दारातून कुणी उपाशी गेलेलं नाही. जेवा."

मी जेवले. चटणी अशी होती की डोळ्यांतून पाणी आलं. मुद्दाम तशी केली होती का, ते मी विचारलं नाही. नंदानं शेजारून पाण्याचा पेला सरकवला, आणि मी दुसरी भाकरी मागितली.